दिवा भंगारात, मनोरा रंगात

वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड नळाला पाणी पाहिलेल्या सोलापूरने कोकणातल्या जुन्या दीपगृहांची काळजी का वाहावी, असे कोणी विचारले तर त्यात गैर काही नाही. रत्नागिरी-नागपूर महामार्गाने आपण कोकणाला जोडले गेलो आहोत खरे, पण समुद्र काही आपला नाही. शाळेची सहल गणपतीपुळ्याच्या बाजूला गेली की एखाद्या दीपगृहाच्या पायऱ्या चढायच्या, वाऱ्यात फोटो काढायचे आणि उतरायचे, एवढाच संबंध. तरीही या विषयावर बोलायचा अधिकार या शहराला इतर कोणापेक्षा कमी नाही. यंत्र गेले आणि भिंती उरल्या म्हणजे नेमके काय हरवते, हे आपण पाहिलेले आहे. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून एकेक गिरणी बंद पडत गेली, तेव्हा वाद झाले ते जमिनीचे आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांचे. दोन्ही वाद रास्तच होते. साचे, बॉयलर, बाष्पइंजिने यांचे काय व्हायचे ते मात्र भंगारवाल्याच्या काट्यावर ठरले. आज एखाद्या विद्यार्थ्याला वाफेवरची गिरणी कशी चालायची हे प्रत्यक्ष दाखवायचे म्हटले, तर दाखवायला फारसे काही उरलेले नाही.

ऐतिहासिक दीपगृहांबाबत देशाच्या किनाऱ्यावर हाच धोका आहे, आणि तो दुर्लक्षातून जितका आहे तितकाच सध्याच्या ‘विकासा’तूनही आहे. दीपगृह ही इमारत नव्हे, ते यंत्र आहे. मनोरा हा त्या यंत्राचा पाया आणि कवच. आपण जतन करतो ते कवचाचे. त्याला रंग देतो, त्याच्याभोवती बाग करतो, खाली खाऊचे दुकान काढतो. वरचे भिंग, ते फिरवणारे घड्याळी यंत्र, दिव्याच्या खोलीची हवा खेळवणारी झडपदारे हे सारे निकामी माल म्हणून बाजूला पडते.

आधी हे यंत्र काय असते ते नीट पाहू. फ्रेंच अभियंता ऑगस्टिन फ्रेनेल याने १८२२ च्या सुमारास सोडवलेला प्रश्न असा होता: छोट्या ज्योतीचा प्रकाश चहूकडे, आकाशात आणि पायाशी, वाया जातो, तो क्षितिजाच्या पट्ट्यात कसा आणायचा? एकसंध भिंग केले तर ते टनावारी जड होईल आणि काचेतच निम्मा प्रकाश मरेल. त्याने भिंगाचा पृष्ठभाग तेवढा ठेवला, मधली निरुपयोगी जाडी काढून टाकली आणि काचेच्या कड्या एकाभोवती एक बसवल्या. मधल्या कड्या प्रकाश वळवतात. वरच्या आणि खालच्या कड्या तो आतल्या आत परावर्तित करून आडवा सोडतात. आकारावरून भिंगांच्या श्रेणी ठरतात: पहिल्या श्रेणीच्या भिंगाचे नाभी-अंतर ९२० मिलिमीटर असते, दुसऱ्याचे ७००, तिसऱ्याचे ५००, चौथ्याचे २५०. पहिल्या श्रेणीचे भिंग अडीच मीटरहून उंच, म्हणजे माणूस आत उभा राहून दिवा पुसू शकतो. ब्रिटिश अमदानीत आपल्याकडची बरीच भिंगे बर्मिंगहॅमजवळच्या चान्स ब्रदर्सच्या किंवा पॅरिसच्या कारखान्यांतून आली. प्रत्येक प्रिझमचा कोन वेगळा आणि जागा ठरलेली. एक फुटला तर बाजारात दुसरा मिळत नाही. त्या मापाचा नवा घासून घ्यावा लागतो, आणि ते काम करणारे हात जगात थोडे आहेत.

हे प्रिझम पितळी किंवा गनमेटलच्या (तांबे-कथिलाच्या मिश्रधातूच्या) चौकटीत पुटीने, म्हणजे काच पक्की करणाऱ्या लांबीने, बसवलेले असतात. जुन्या पुटीत जवसाचे तेल आणि शिशाची संयुगे असत. शंभर वर्षांनी ती वाळते, तडकते, भुगा होऊन गळते. मग प्रिझम चौकटीत हलू लागतो आणि वाऱ्याने मनोरा थरथरला की काचेची कड धातूवर घासून टवके उडतात. बहुतेक भिंगे दगड लागून फुटलेली नसतात, ती अशी आतून कुरतडली जातात. पुटीत शिसे असल्याने ती कोरडी खरवडायचीही नसते, कारण धूळ फुफ्फुसात जाते. ओलसर ठेवून, मास्क आणि हातमोजे घालून, लाकडी पातीने ती काढायची आणि गोळा करून घातक कचरा म्हणून द्यायची.

स्वच्छतेचे तर अज्ञानच जास्त. अमोनिया असलेले घरगुती काचपुशे पितळ खातात. पितळाला पॉलिश लावले की त्याची पांढरी साय काच आणि धातू यांच्या सांध्यात जाऊन बसते, आणि तिथेच खाऱ्या ओलीला घर मिळते. योग्य रीत साधी आहे. अंगठी, घड्याळ, पट्ट्याचे बक्कल आधी काढून ठेवायचे. मऊ ब्रशने धूळ झाडायची. ऊर्ध्वपातित पाण्यात उदासीन साबणाचे दोन-चार थेंब टाकून सुती फडक्याने एकेक प्रिझम पुसायचा, साध्या ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा पुसायचा आणि लगेच कोरडा करायचा. आणि दिवसा पडदे ओढायचे. हे शेवटचे वाक्य निविदेत कुठेच नसते, पण जुन्या दीपपालांच्या दिनक्रमात ते होते. भिंग रात्री आतला प्रकाश बाहेर नेते, तसे दिवसा बाहेरचे ऊन आत एका बिंदूवर आणते. तिथे वायरिंग किंवा प्लास्टिकची बैठक असेल तर ती वितळते, पेटूही शकते. पर्यटकांना भिंग ‘छान दिसावे’ म्हणून पडदे काढून टाकणे हा दिसायला निरुपद्रवी, पण खरोखर आगीला आमंत्रण देणारा प्रकार आहे.

भिंग फिरते कशावर, हा याहून नाजूक भाग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठी भिंगे पाऱ्यावर तरंगवायला सुरुवात झाली. पाऱ्याची घनता पाण्याच्या १३.६ पट, त्यामुळे ओतीव लोखंडाच्या कड्याकृती कुंडात थोडा पारा घालून त्यावर टनावारी वजन तरंगवता येते आणि बोटाने ढकलले तरी ते फिरते. तीन टनांचे भिंग तरंगायला सुमारे २२० लिटर पारा ‘विस्थापित’ व्हावा लागतो, पण म्हणून तितका पारा लागतो असे नव्हे. तरंगणारे कडे आणि कुंड यांतली फट काही मिलिमीटरचीच ठेवली की बऱ्याच कमी पाऱ्यात काम भागते. कुंड लोखंडाचे का, तर पारा पितळ-तांब्याला खातो, लोखंडाला नाही. हे ज्यांना ठाऊक नाही ते दोन चुका करतात. एक तर पारा तसाच उघडा ठेवतात. उन्हाने तापलेल्या बंद खोलीत त्याची वाफ साठत जाते आणि वर चढणारा प्रत्येक जण ती श्वासात घेतो. किंवा घाबरून पारा घाईने काढतात आणि भिंगाचे सारे वजन कुंडाच्या काठावर बसू देतात. चौकट वाकते, प्रिझम तडकतात. बरोबर क्रम असा: आधी भिंगाखाली चारही बाजूंनी आधार आणि पॅड, वजन त्यांवर आल्याची खात्री, मग परवानाधारक संस्थेकडून पारा बंद पोलादी भांड्यांत, आणि नंतर खोलीतल्या हवेची मोजणी. सांडलेला पारा झाडूने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने उचलायचा नाही, थेंब फुटून वाफ आणखी वाढते.

आता प्रतिवाद ऐकू. जीपीएस आले, जहाजांवर स्वयंचलित ओळख यंत्रणा आली, रडारला उत्तर देणारे संकेतक आले. सौर पॅनेल, बॅटरी आणि एलईडीचा दिवा एवढ्यात रात्र निभावते. हे खरे आहे, आणि नौवहन खात्याने एलईडी लावला म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. जहाजाच्या कप्तानाला दर किती सेकंदांनी किती झोत ते हवे असते, पितळेची झिलई नव्हे. पण दिवा बदलण्याचा परिणाम दिव्यापुरता राहत नाही, हे खात्याच्या हिशेबात येत नाही. रॉकेलच्या वाफेवर जळणारा जुना बर्नर रात्रभर उष्णता द्यायचा. खालच्या झडपांतून हवा आत येई, तापून वरच्या गोलघुमटीतून बाहेर पडे, खोली कोरडी राही. एलईडी थंड असतो. माणूसही उरलेला नसतो, म्हणून झडपा कायमच्या बंद केलेल्या असतात, कधी रंगाने चिकटून गेलेल्या असतात. मग पहाटे काचांवर दव धरते, ते खाली ओघळते, खोलीच्या ओतीव लोखंडाच्या चौकटीत मुरते. लोखंड आणि गनमेटल खाऱ्या ओलीत एकमेकांना चिकटून असले की लोखंड आधी जाते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा मागतो, आणि दगडात गाडलेली पट्टी फुगली की दगड फुटतो. बंद पडलेले दीपगृह वादळाने कोसळते अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात ते न उघडलेल्या झडपेपासून सडायला लागते, आणि झडप उघडायला खर्च शून्य.

मनोऱ्याच्या भिंतीची गोष्ट सोलापूरकरांना जास्त ओळखीची वाटेल. भुईकोट किल्ल्यापासून जुन्या वाड्यांपर्यंत चुन्याच्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा चोपडलेला आपण रोज बघतो. इथे तो वाईट दिसतो. किनाऱ्यावर तो घातक असतो. जांभा असो की काळा पाषाण, सांध्यांतला चुना मिठाची ओल घेतो आणि सोडतो. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ विरघळते, खाली आली की स्फटिक होते. कोकणात ही रेषा वर्षभर सारखी ओलांडली जाते. चुन्याचा गिलावा असेल तर स्फटिक पृष्ठभागाजवळ येतात, गिलावा झडतो, तो पुन्हा करायचा. म्हणजे चुना स्वतः मरून दगड वाचवतो. सिमेंट आणि वर प्लास्टिक रंग असेल तर ओल बाहेर येऊ शकत नाही. मीठ दगडाच्या पोटात जमते आणि चार-पाच पावसाळ्यांनी गिलाव्याचा पापुद्रा दगडाची साल घेऊनच खाली येतो.

उपाय माहीत आहे, पण तो घाईचा नाही. सिमेंट हातछिन्नीने काढायचे, ब्रेकर किंवा ग्राइंडर लावायचा नाही. मग कागदाचा लगदा, शाडू आणि क्षारमुक्त पाणी यांचा १५ ते २० मिलिमीटर जाड लेप भिंतीवर बसवायचा, तो वाळेपर्यंत थांबायचे, काढून त्यातले मीठ विद्युतवाहकतेच्या मीटरने मोजायचे. आकडा पुरेसा उतरेपर्यंत हे पुन्हा पुन्हा. त्यानंतर मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली नदीची वाळू सुमारे तीन भाग. समुद्राची वाळू कितीही जवळ आणि फुकट असली तरी नाही. एका थराची जाडी १० ते १२ मिलिमीटरच्या वर नको. ओले गोणपाट टांगून भिंत उन्हा-वाऱ्यापासून झाकायची, नाहीतर चुना धरण्याआधीच भुकटी होतो. वर दुधाइतक्या पातळ चुन्याचे पाच-सहा हात. हे सगळे पावसाळा संपल्यावर सुरू करून मार्चअखेर संपवायला हवे, म्हणजे जूनच्या आधी चुन्याला हवा खायला दोन महिने मिळतात. सरकारी निविदा मात्र आर्थिक वर्ष संपताना निघतात आणि काम मेमध्ये उरकले जाते. चुन्याला मार्चअखेर कळत नाही.

खरी गाठ निविदेतच आहे. दरसूचीत गिलाव्याचा, रंगाचा, पेव्हर ब्लॉकचा दर चौरस मीटरला मिळतो. प्रिझम पुन्हा बसवण्याचा, झडप सोडवण्याचा, घड्याळी यंत्राची दातेरी चाके साफ करण्याचा दर तिथे नसतो. ज्याला दर नाही ते अंदाजपत्रकात येत नाही, आणि जे अंदाजपत्रकात नाही ते साहजिकच ‘अडगळ’ ठरते. त्यामुळे कामाचा क्रम उलटा लागतो: आधी पायाशी फरशी आणि कारंजे, मग रंग, मग रोषणाई, आणि वरची गळती शिल्लक. खरे तर सुरुवात शिखरापासून हवी. घुमटीचे तांब्याचे पत्रे, काचांचे सांधे, सज्जाच्या तळाची उतार आणि पन्हाळी, तडितवाहकाची, म्हणजे पडणारी वीज जमिनीत नेणारी, तांब्याची पट्टी जमिनीपर्यंत अखंड आहे की मध्येच चोरीला गेली आहे, हे तपासल्याशिवाय खाली एक रुपया घालू नये.

रोषणाईबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. दीपगृहाच्या अंगावरचे रंगपट्टे ही दिवसाची खूण असते आणि नाविकांच्या यादीत ती नोंदलेली असते. ती शोभेसाठी बदलता येत नाही. रात्री त्याच मनोऱ्यावर रंग बदलणारे एलईडी सोडले तर मूळ झोत पार्श्वभूमीच्या झगमगाटात हरवतो. ज्या छोट्या होडीवाल्याला अजूनही डोळ्याने दिवा पाहूनच घरी यायचे असते, त्याचीच अडचण होते. सुशोभीकरणाने दीपगृह निकामी करणे यापेक्षा मोठा विनोद नाही.

पैसा नाही, असे म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातली ७५ दीपगृहे पर्यटनस्थळे म्हणून लोकार्पित झाली. त्यांवर सुमारे ६० कोटी रुपये खर्च झाल्याचे सरकारने सांगितले, म्हणजे सरासरी ८० लाख. संग्रहालये, खुली रंगमंच-जागा, बागा, मुलांची उद्याने झाली. लोक येऊ लागले, आणि तेही चांगलेच: जिथे माणसांची ये-जा आहे तिथे तांबे चोरणे अवघड जाते. महाबलीपुरम किंवा आलप्पुळा येथे जुनी उपकरणे मांडून ठेवली आहेत, हेही योग्यच. पण कपाटातले भिंग आणि आपल्या मनोऱ्यात, आपल्या कुंडावर फिरणारे भिंग यांत फरक आहे. चार बाजूंचे भिंग वीस सेकंदांत एक फेरी घेते म्हणून समुद्रावर दर पाच सेकंदांनी झोत दिसतो, हे फिरताना पाहिल्याशिवाय मुलाला कळत नाही.

कायद्यानेही दार उघडले आहे. १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ चा सागरी नौवहन साहाय्य कायदा आला, आणि त्यात केंद्र सरकारला एखाद्या दीपगृहाला ‘वारसा दीपगृह’ घोषित करता येते, शिक्षण-संस्कृती-पर्यटनासाठी ते विकसित करता येते. तरतूद चांगली, पण घोषणा कशाची व्हायची हे त्याहून महत्त्वाचे. अधिसूचनेला परिशिष्ट हवे. त्यात भिंगाची श्रेणी, कारखाना, प्रिझमची संख्या आणि प्रत्येकाची अवस्था, फिरवणारे यंत्र, ते चालवणारे वजन उतरायची नळी, बर्नर, झडपा, नोंदवह्या हे सगळे वारशाचा भाग म्हणून नोंदले जावे. नाहीतर मनोरा वारसा ठरेल आणि भिंग उपकरणांच्या यादीतून कायदेशीरपणे निर्लेखित होईल. खर्चाचाही प्रश्न इथेच सुटतो. नौवहन साहाय्याचे शुल्क जहाजे भरतात. जुन्या पितळेचा खर्च आमच्या माथी का, असे जहाज कंपन्यांनी विचारले तर ते योग्यच आहे. म्हणून वारसा दीपगृहाला वेगळे खाते आणि तिथल्याच तिकिटाचा ठरावीक हिस्सा हवा.

खांदेरीचे उदाहरण घ्या. १६७९ साली शिवाजी महाराजांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बेटावर तटबंदी घातली. १८६७ साली त्याच बेटावर दीपगृह उभे राहिले. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांच्या १२ किल्ल्यांत खांदेरी जागतिक वारसा यादीत गेला. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे, दीपगृह केंद्राच्या नौवहन यंत्रणेकडे. दोघांचा मिळून एकच देखभाल आराखडा नसेल, तर तटाच्या दगडाला चुना आणि शंभर पावलांवर मनोऱ्याला सिमेंट असे सहज घडू शकते. मुंबईच्या टोकाशी १८७५ साली बांधलेले प्रोंग्ज दीपगृह तर भरतीला पाण्याने वेढले जाते. तिथे बाग होणार नाही, तिकीट लागणार नाही. मग पर्यटनाच्या तर्कात त्याचे स्थान काय? अशा दीपगृहांसाठीच सरकारी निधी आधी राखून ठेवावा लागेल.

खासगी हातांत द्या, हा दुसरा सोपा सल्ला. सोलापूरला त्याचाही अनुभव आहे. जवळच्या नळदुर्गाचा किल्ला वैभव संगोपन योजनेखाली सोलापूरच्याच एका कंपनीकडे गेला. वाटा, स्वच्छता, बाग, पाणी महालाकडे येणाऱ्यांची सोय या बाबतींत हा मार्ग चालू शकतो. पण तोच करार दीपगृहाला जसाच्या तसा लावू नये. तिथे दोन करार हवेत: आवार आणि तिकीट एकाकडे, भिंग आणि दिव्याची खोली दुसऱ्याकडे, आणि दुसऱ्याची निवड सर्वांत कमी दरावर नव्हे तर केलेल्या कामाच्या दाखल्यावर. एका वेळी वर किती माणसे सोडायची हा निर्णयही पहिल्याच्या हाती नको. जुन्या सज्जाचे लोखंडी ब्रॅकेट गंजून किती उरले आहे ते मोजून मगच तो आकडा ठरतो. गर्दीच्या सुट्टीत तिकीट विकणाऱ्याला तो आकडा नेहमीच लहान वाटणार.

सोलापूरने प्रत्यक्ष करण्यासारखेही काही आहे, आणि ते निधी मागण्याच्या आधी करता येते. इथे स्थापत्य आणि यांत्रिकी शिकवणारी महाविद्यालये आहेत, विद्यापीठात पुरातत्त्वाचा अभ्यास होतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत पुन्हा एकदा काँक्रीटचे घन फोडण्यापेक्षा एका दीपगृहाचे मोजमाप घ्यावे. मनोऱ्याचे १:२० प्रमाणातले आराखडे, ७० ते ८० टक्के भाग एकमेकांत सामाईक ठेवून काढलेल्या छायाचित्रांतून त्रिमिती नमुना, प्रत्येक प्रिझमला क्रमांक आणि टवक्याचे मिलिमीटरमध्ये माप. यंत्राचे काम तर इथल्या कारखानदारांच्या हातचे आहे. ब्रिटिश बनावटीच्या त्या चौकटींचे आटे व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे, ५५ अंशांचे. आजचे मेट्रिक आटे ६० अंशांचे. मेट्रिक स्क्रू ठोकून बसवला की दीडशे वर्षांचे भोक कायमचे बिघडते. जुन्या मागांचे सुटे भाग घडवणाऱ्या अक्कलकोट रस्त्यावरच्या कारागिरांना व्हिटवर्थ नवा नाही. पोलादाऐवजी गनमेटल वापरायचे आणि नमुन्याबरहुकूम पन्नास-शंभर नग वळायचे, एवढेच.

आणि प्रत्येक वारसा दीपगृहात एक नोंदवही ठेवावी, जुन्या दीपपालांकडे असायची तशी: झडपा उघडल्या का, पडदे ओढले का, काचांवर दव होते का, पाऱ्याची वाफ किती, तडितवाहकाचा भूरोध किती ओहम. ही नोंद महिन्याला एकदा, पावसाळ्यात पंधरवड्याला, आणि तिचे पान तिकीटखिडकीजवळ लावलेले. करारातले पुढचे देयक त्या पानाशी जोडावे. पान कोरे असेल तर बागेचे बिलही थांबावे.